हाड तयार होतंय

उजव्या नडगीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा मला चक्क बरं वाटलं. कराटे शिकलेल्या माणसाला यात विचित्र काही वाटणार नाही. आमच्याकडे नडग्या आणि हाताची हाडं कणखर करायचा एक सराव असतो. जोडीदारासमोर उभं राहायचं आणि त्याच्या नडगीवर आपली नडगी आपटायची, आधी हळू, मग जोरात. निळे डाग पडतात. घरी जाऊन बर्फ लावायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आमचे सर म्हणायचे, "दुखतंय ना? दुखू दे. हाड तयार होतंय." हे मी इतकी वर्षं ऐकलं आणि पुढे माझ्या बायकांच्या बॅचला इतक्यांदा ऐकवलं, की दुखणं म्हणजे शाबासकी असंच मला वाटायला लागलेलं.

मी कराटेत शिरले ती अपघाताने. डोंबिवली पूर्वेला आमच्या विहाराच्या मागे एक हॉल आहे, तिथे सर वर्ग घ्यायचे. मुलीला सोडायला जायचे आणि तासभर दाराशी चपलांच्या ढिगाजवळ बसून राहायचे. एक दिवस सर म्हणाले, "ताई, नुसत्या बसून काय करता? मागे उभ्या राहा." मी पस्तिशीची, अंगात सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली. सगळी पोरं हसली. मुलीला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनेक वर्षांत तिने कराटे सोडलं. मी राहिले, ब्लॅक बेल्ट झाले, आणि सरांनी बायकांची बॅच माझ्याकडे दिली.

पण तोवर तो छंद होता. त्याचा ध्यास झाला तो आई पडल्यावर.

आई ठाण्याला कोपरीत माझ्या भावाकडे राहायची. एका सकाळी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती नीट उभी राहिलीच नाही. अंथरुणाला खिळली. दिवसभर वहिनी करायची, संध्याकाळचं मी ऑफिस सुटल्यावर जाऊन करायचे. अंग पुसायचं, कपडे बदलायचे, पाठीला पावडर लावायची. मी साफसफाई करायला लागले की आई भिंतीकडे तोंड फिरवायची आणि माझं आवरेपर्यंत तशीच राहायची.  मी झालं म्हणेपर्यंत डोळे मिटलेले. ती गेली तेव्हा मला रडू आलं, पण त्याच्याही आधी सुटका झाल्यासारखं वाटलं, तिची आणि माझीही. आणि त्या क्षणी मी मनाशी पक्कं केलं, हे माझं होऊ द्यायचं नाही. मला मरणाची भीती वाटत नाही. त्या खाटेची वाटते. माझ्या मुलीने माझं असं करावं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहावं, हे मला नको आहे.

माझा हिशेब सरळ होता. आईने कधी शरीराकडे लक्ष दिलं नाही, कधी व्यायाम केला नाही, म्हणून ती पडली. मी तसं करणार नाही. पन्नाशी उलटली, पाळी गेली, डॉक्टर बायका हाडांबद्दल बोलायला लागल्या, तसा मी जोर वाढवला. कराटे तर होतंच. त्यात गल्लीतल्या जिमची भर पडली. तिथली पोरं आधी "आंटी, जरा सांभाळून" म्हणायची, नंतर खांद्यावर रॉड घेऊन मी उठाबशा काढताना बघून गप्प झाली. मग कोणीतरी सांगितलं, हृदयासाठी पळायला हवं, म्हणून पहाटे रस्त्यावर पळणं सुरू केलं. सुट्टीचा दिवस असा नाहीच. रविवारी नवरा चहाचा कप घेऊन खिडकीत उभा राहायचा आणि मी घामाघूम होऊन आले की विचारायचा, "काय, ऑलिंपिकचं पत्र आलं का?" मी सरळ आंघोळीला जायचे. त्याला काय कळणार, असं वाटायचं.

आमच्या वर्गात एक रीत आहे. दुखापत झाली म्हणून घरी बसायचं नाही. पांढरा ड्रेस घालायचा, पट्टा बांधायचा, वर्गाला यायचं आणि भिंतीला टेकून बसून इतरांचा सराव बघायचा. याला आम्ही भिंतीला बसणं म्हणतो. सगळे कधी ना कधी बसलेले आहेत. मी कधीच बसले नव्हते, आणि याचा मला केवढा ताठा होता हे आमच्या वर्गातलं कोणीही सांगेल.

तर नडगी दुखायला लागली आणि मी तिला चांगलीच कामाला लावली. दुखणं एकाच जागी होतं, आतल्या बाजूला, बोट ठेवलं की कळ यायची. मी म्हटलं, ही जागा कच्ची राहिली आहे. सरावात माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलीला मुद्दाम तिथेच मारायला सांगितलं. ती कचरत होती, तर तिच्यावर ओरडले. पळताना ठणका लागायचा, तर वाटायचं दम लागला की विसरू. विसरायचेही. मग अंथरुणावर पडल्यापडल्याही ठणकायला लागलं, तेव्हा मी उशी पायाखाली घेतली आणि सकाळी परत पळायला गेले.

बुद्ध पौर्णिमेला विहारात दरवर्षी कार्यक्रम असतो. खीर असते, भाषणं असतात आणि मध्ये आमच्या वर्गाची प्रात्यक्षिकं. त्या वर्षी मी एक काता करणार होते, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. तिच्यात एक उडी आहे. उडी मारून खाली आले आणि पायाखालची जमीनच नाही असं झालं. मी एका गुडघ्यावर आले. उठता येईना. मग तिथूनच, गुडघ्यावर राहून, हातांच्या उरलेल्या हालचाली पूर्ण केल्या. लोकांना वाटलं हे असंच असतं. टाळ्या पडल्या. फक्त सर जागेवरून उठून उभे राहिलेले मला दिसले, आणि ते टाळ्या वाजवत नव्हते.

माजिवड्याला हाडांच्या डॉक्टर होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एक्स-रे बघून विचारलं, "तुम्ही खेळाडू आहात का?" त्या परिस्थितीतही माझी मान ताठ झाली. मी सगळं सांगितलं, कराटे, जिम, पळणं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाडाला तडा गेलाय. एका दिवसात नाही गेलेला. तुम्ही रोज थोडा थोडा पाडलाय." मी म्हटलं, हाड घट्ट व्हावं म्हणूनच तर हे सगळं करते. त्या म्हणाल्या, "व्यायामाने हाडाला कळतं की मजबूत व्हायचंय. पण मजबूत ते होतं तुम्ही झोपल्यावर. या वयात त्याला जास्त वेळ लागतो. तुम्ही तो दिलाच नाहीत." मग हाड हलू नये म्हणून पायात घालायचा एक जाड बूट लिहून दिला, आणि सुरुवातीचे काही दिवस पाय टेकवायचासुद्धा नाही म्हणून सांगितलं.

आणि अशी मी खाटेवर आले. ज्या खाटेपासून इतकी वर्षं पळत होते, तिच्यावर. तेही पळूनच.

पहिल्या दिवशी संडासला जायचं होतं आणि नवऱ्याने काखेत हात घालून मला उठवलं. दारापर्यंत आलो आणि मला असं रडू फुटलं की तो घाबरला. "लागलं का? पाय टेकला का?" मी मान हलवली. परत येऊन टेकले तेव्हा बोलून टाकलं. इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, "अहो, मला आईसारखं नाही मरायचंय. म्हणून करत होते सगळं. तिने कधी काही केलं नाही, म्हणून ती पडली."

त्याने उशी माझ्या पायाखाली सरकवली. कधी नव्हे ते चेष्टा केली नाही. मग म्हणाला, "आईंनी काही केलं नाही? अगं, त्यांना बसलेलं कधी बघितलंयस तू? मी जावई. लग्न झाल्यापासून बघत आलो. मी त्यांच्या घरी गेलो की त्या उभ्या, आपण जेवायला बसलो की उभ्या. कंपनीत पॅकिंगला दिवसभर उभ्या, घरी आल्या की ओट्याशी उभ्या. त्यांना अजून कसला व्यायाम करायला लावणार होतीस?"

तो चहा करायला गेला आणि मी आठवायला लागले. खरंच आठवायला लागले, हट्टाने. आई दुपारची झोपली आहे असं एक तरी दृश्य. कोपरीच्या चाळीतली खोली डोळ्यांसमोर आणली, नळावरून हंडे घेऊन येणारी आई आणली, औषधाच्या कंपनीतून आल्या आल्या पदर खोचणारी आणली. ताप आलेला असताना ओट्याला कंबर टेकवून भाकऱ्या थापणारी आई आठवली. झोपलेली आई काही केल्या सापडली नाही. आम्ही झोपल्यावर ती झोपायची आणि आमच्या आधी उठायची. आईचं शरीर व्यायामाशिवाय नव्हतं गेलं, ते वापरून वापरून गेलं होतं. तिला आयुष्यात पहिल्यांदा पाठ टेकायला मिळाली ती खुबा मोडल्यावर. आणि मी तिची लेक, तिच्यासारखं होऊ नये म्हणून नेमकं तिच्यासारखंच करत होते. फक्त तिला ते करावं लागलं आणि मी पैसे भरून करत होते. मला तिचा इतका कळवळा कधी आला नव्हता. जिवंत असताना मी तिची चाकरी केली, पण तिच्यावर मनातून रागावलेलीच होते.

काही दिवसांनी सर भेटायला आले. सत्तरीचा माणूस, जिना चढताना कठडा धरून धरून वर आला. आमच्या वर्गात सुरुवातीला आणि शेवटी गुडघ्यांवर बसून नमस्कार करतात. सर गेली काही वर्षं तो उभ्यानेच करतात. गुडघे वाकत नाहीत. त्याबद्दल वर्गात कधी कोणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. त्यांनी माझ्या बुटाकडे बराच वेळ बघितलं. म्हणाले, "ताई, माझ्या सरांनी मला मारायला शिकवलं, मार खायला शिकवलं. थांबायला नाही शिकवलं. मग मी तुम्हाला कुठून शिकवणार?" त्यांचे डोळे भरून आलेले.  जाताना दाराशी थांबून म्हणाले, "बरं वाटलं की या. पण आधी भिंतीला बसायचं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत."

मी बसले. पांढरा ड्रेस, पट्टा, एका पायात तो बूट. पहिल्या दिवशी माझ्या बॅचच्या बायकांना कुठे बघावं कळेना. एक जण हळूच म्हणाली, "ताई, घरी पडायचं ना जरा, इथे कशाला आलात?" मी म्हटलं, "घरी पडूनच आलेय." तिला हसू आलं. मग मलाही आलं.

आता पाय बरा आहे. कराटे आठवड्यातून दोनदा, जिम दोनदा, आणि दोन्ही एका दिवशी नाहीत. पळणं सोडलं, चालते. एक दिवस काहीच नाही. तो दिवस मला अजून जड जातो, कारण नसताना फडताळं आवरत सुटते, मग स्वतःलाच रागावते. माझ्या बॅचमध्ये नडग्या आपटणं बंद केलं. त्याऐवजी पडायला शिकवते, अंग गोळा करून कसं पडायचं आणि जमिनीवरून हात न टेकता कसं उठायचं. मी कधी पडणारच नाही याची हमी मला कोणी दिलेली नाही. भीतीही गेलेली नाही. ती आहे, पण आता ती मला पहाटे उठवून रस्त्यावर हाकलत नाही.

आमच्या घरांतल्या बायका दुपारी झोपलेल्या कबूल करत नाहीत. फोन आला, आवाज जड असला, तरी उत्तर ठरलेलं, "छे गं, झोपतेय कुठली, जरा पडलेले." कोणी पकडल्यासारखं उठून बसायचं आणि आवाज साफ करायचा. परवा जिमच्या दुसऱ्या दिवशी जेवून मी पडदा ओढून गाढ झोपलेले. मुलीचा फोन आला.

"आई, झोपलेलीस का?"

"हो," मी म्हटलं, "झोपलेले."

 तिचा आवाज एकदम बदलला. "का गं? बरी आहेस ना?"

"बरी राहायचंय, म्हणून," मी म्हटलं. "संध्याकाळी कर." आणि कूस बदलून परत झोपले.