करकोचीचं बाळंतपण

बस स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभी हयात घालवली, की वाट बघणाऱ्या माणसांचं काही वाटेनासं होतं. दुधनीची गाडी कुठंय म्हणून कुणी खिडकीशी आलं की माझ्या तोंडातून आपोआप निघायचं, निघालीय, येईलच एवढ्यात. गाडी जागची हललेलीही नसायची. पण तेवढ्यानं माणूस शांत व्हायचा, बाकावर जाऊन बसायचा, आणि मी पुढच्याशी हुज्जत घालायला मोकळा. निवृत्त झाल्यावर मीच त्या बाकावर येऊन बसलो, तेव्हा कळलं हे काय जीवघेणं प्रकरण असतं.

बायकोच्या छातीत गाठ लागली होती. डॉक्टरांनी सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला आणि म्हणाले, वेळ लागेल, आम्हीच फोन करू. झालं. त्या दिवसापासून घरात फोन वाजला की दोघंही हातातलं टाकून धावायचो. बघावं तर रिचार्ज संपत आल्याची ती गोड आवाजाची बाई. एकदा मी तिच्यावर असा डाफरलो की बायकोला हसू आवरेना. मला मात्र हसू येत नव्हतं. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी चिडतो, हे माझं जुनंच आहे.

त्यात मे महिना. सोलापूरचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको. जेवण झालं की दारं-खिडक्या लावायच्या, कूलर घुरघुरत ठेवायचा आणि शहाबादी फरशीवर उताणं पडायचं. झोप लागली तर ठीक. नाही लागली तर छताकडं बघत दोघंही एकच विचार करायचो आणि एकमेकांना कळू देत नव्हतो. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलीला रजा मिळत नव्हती. तिनं आमच्यावर उपाय म्हणून लिंका पाठवायला सुरुवात केली. दुपारी हे बघत बसा, म्हणाली, जगात लोकांनी काय काय करून ठेवलंय, मजा येईल. मी म्हटलं, आम्हाला काय खुळं समजतेस? पण पाठवलेलं न बघून करणार काय?

खरंच एकेक नमुने होते. एका ठिकाणी नकाशावर आपल्या घरावर बोट ठेवायचं, की तिथून सरळ खाली पृथ्वीच्या आरपार भोक पाडलं तर पलीकडं कुठं निघू ते दिसतं. आम्ही आमच्या गल्लीवर बोट ठेवलं तर थेट महासागरात निघालो, चहूकडं नुसतं पाणी. बायको म्हणाली, तिथवर बोअर मारून घ्या की, नळाची वाट बघायला नको. दुसऱ्या ठिकाणी पृथ्वीचा गोळा फिरवायचा आणि कुठल्याही गावावर थांबलं की तिथला रेडिओ ऐकू येतो. कुठल्याशा गावची एक बाई खदखदून हसत होती. भाषा कळायचं नाव नाही, तरी ही तिच्याबरोबर हसत बसली. तिसरीकडं लोकांनी आपापल्या खिडकीतून दिसणारं जग दाखवलं होतं. कुठं बर्फ, कुठं नदी. हिला एकच प्रश्न, ह्यांची धुणी वाळत घालायची दोरी कुटं हाय?

आणि एक तर अजब. काचेच्या नरसाळ्यात डांबर भरून ठेवलंय, त्यावर कॅमेरा लावलाय, आणि डांबराचा थेंब कधी पडतोय म्हणून शास्त्रज्ञ वाट बघतायत. एकेका थेंबाला वर्षानुवर्षं लागतात म्हणे. माझं डोकंच सटकलं. म्हटलं बंद कर ते, वाट बघायची हौस फिटलीय माझी.

मग ते घरटं आलं. युरोपातलं कुठलंसं खेडं, तिथं उंच खांबावर काटक्यांचं एवढं मोठं घरटं आणि त्यात बसलेला पांढरा करकोचा. लाल चोच, लाल पाय, पंखांची टोकं काळी. कॅमेरा दिवसरात्र चालू. बायको कूस बदलून उठूनच बसली. "अवो, ही तर आमच्या रानातली पाखरं," म्हणाली. तिचं माहेर करकंब. थंडीत नांगर चालला की मागनं हे करकोचे ढेकळांतले किडे टिपत फिरायचे, लहानपणी तिनं शेकडो वेळा पाहिलेले. थंडी सरली की उडून जायचे, ते कुठं जातात हे तिला आत्ता कळलं. मी तिला समजावलं की जगात करकोचे लाखांनी असतील, हाच करकंबला आला होता कशावरून? ती म्हणाली, आणि नव्हता कशावरून? 

झालं, करकोची माहेरच्या ओळखीची निघाली. दोघं नर-मादी पाळीपाळीनं अंड्यांवर बसतात असं खाली लिहिलेलं मी वाचून दाखवलं, पण बसलेली ती बाई आणि उभा तो बाप्या, हे हिचं ठरून गेलेलं. पोटाखाली चार अंडी होती. ती फुटायला लागली तशी हिनं घरात बाळंतपणच मांडलं. बाळंतिणीला एकटं ठेवत न्हाईत, म्हणून माझा फोन तांब्याला टेकवून उभा राहायचा आणि आम्ही दोघं समोर. तिचा स्वतःचा फोन बटणाचा, त्यामुळं मी बाहेर निघालो की करकोची एकटी पडायची आणि मला घरी लवकर यावं लागायचं. डेटा संपला की मी कटकट करायचो. पण खरं सांगतो, तिचा चेहरा त्या फोनसमोर जरा सैल पडायचा आणि मला तेवढं पुरे होतं.

चौघांत एक पिल्लू उशिरा फुटलेलं, अगदीच मरतुकडं. बाकीची चोच वर करून ओरबाडून खायची, हे मान टाकून पडलेलं. हिचं सगळं लक्ष त्याच्याकडं. माझंही. मनात कुठंतरी मी ठरवून टाकलं होतं की ते धाकटं जगलं तर हिचं काही वाईट निघणार नाही. असलं काही कुणाला सांगायची सोय नसते.

पाचवीला तिनं खरंच पाचवी पुजली. दिवेलागणीला पाटावर फोन ठेवला, पुढं वरवंटा, हळद-कुंकू, निरांजन, आणि सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणून कोरा कागद आणि पेन. आमच्या मुलीच्या पाचवीला हिच्या आईनं मांडलं होतं, अगदी तसंच. मी म्हटलं, अगं, ती पाखरं परदेशातली, सटवाई तिकडं कशाला जाईल? ती म्हणाली, म्हणून तर हितं मांडलं. मग माझं लक्ष गेलं, कागद दोन होते. दुसरा कशाला, विचारलं.

"त्यो माझा," ती म्हणाली. "आलीच हाय तर माझंबी बघ म्हणावं जरा."

मी उठून गच्चीवर गेलो. पाण्याची टाकी बघायला जातो म्हणालो. टाकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर दोनेक दिवसांनी, दुपारची वेळ. ती आत न्हात होती. मी एकटाच फोनसमोर पडलो होतो. मोठा करकोचा उभा राहिला, वाकला, आणि त्या धाकट्याला चोचीत उचललं. मला वाटलं, हलवून नीट ठेवतोय. त्यानं ते घरट्याच्या काठाशी नेलं आणि खाली सोडून दिलं. मग पंख सावरले आणि बाकीच्या तिघांवर बसला, जसं काही झालंच नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं की दुबळं पिल्लू ते असंच टाकून देतात, सगळ्यांना पुरेल एवढं अन्न नसलं की.   मी फोन बंद केला.

ती केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, लावा की. आणि मी काय बोललो? माझा तोच खिडकीतला आवाज, तोच ठेका. कॅमेरा बंद पडलाय, तिकडं लाईट गेली असेल, येईलच एवढ्यात.

 पुढं रोज दुपारी विचारायची, आली का लाईट, आणि मी म्हणायचो, काम चालू आहे. तिचं जेवण कमी झालं. शेंगाचटणी-भाकरी म्हणजे जिचा जीव की प्राण, ती अर्धीच भाकरी खाऊन ताट सारायची. मला वाटलं, घरट्याविना करमत नाहीय. दुसरं एखादं घरटं दाखवावं का म्हणून मी इंटरनेट धुंडाळत बसलो. घुबडाचं सापडलं, ते तिनं बघितलंही नाही. आतून मी पार पोखरून गेलो होतो. एक पिल्लू गेलंय हे तिच्यापासून लपवायचं आणि फोन वाजला की दचकायचं, ह्या दोन कामांत माझा दिवस जायचा.

एका दुपारी भांडी घासता घासता तिनं पाठमोरीच सांगितलं की धाकटं गेल्याचं तिला त्याच दिवशी कळलं होतं. तेच घरटं बघणाऱ्या मुलीनं पुण्याहून फोनवर सांगितलं होतं, आई, वाईट वाटून घेऊ नकोस म्हणून. मी चिडलो, म्हणजे मुलीवर चिडलो, मग लिंकांवर, मग त्या करकोच्यावर. माझं सगळं बोलून होईपर्यंत ती थांबली. मग हात पदराला पुसून माझ्यासमोर येऊन बसली.

"पोरगी लहान होती तवा तुमचा डबा घेऊन मी स्टँडवर येत हुते. खिडकीत तुमी लोकांशी कसं बोलता ते मी ऐकलंय. तसं माझ्याशी बोलू नका. माझं काय निघंल ते निघंल. पर मला कॅमेरा बंद हाय म्हणून सांगू नका."

मी मान हलवली, बस्स. तिनं मला घरटं लावायला लावलं. तीन पिल्लं होती, अंगानं चांगली भरलेली. तिनं ती नीट मोजून बघितली आणि त्या दिवशी पूर्ण भाकरी खाल्ली.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा आम्ही नुकतेच आडवे झालो होतो. बाईंना आणायची गरज नाही, तुम्ही येऊन जा, म्हणाले. बाईंना आणायची गरज नाही, ह्याचा अर्थ काय घ्यायचा? मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, तुमी जावा, उन्हाचं मी कशाला, मी हितं बाळंतिणीपाशी बसते. फोन तिच्यापाशीच ठेवून मी डोक्याला पंचा गुंडाळला आणि स्कूटर काढली.

डॉक्टर भला माणूस. त्यानं मला आधी पाणी दिलं, त्यावरूनच मी ओळखलं. गाठ वाईट आहे, म्हणाला. ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर औषधं, केस जातील, त्रास होईल. किती पसरलंय ते आणखी तपासण्या झाल्यावर कळेल, आत्ता काही कबूल करत नाही. मी त्याला विचारलं, बरी होईल ना? तो म्हणाला, आपण सगळे प्रयत्न करू. वाट बघणाऱ्याशी कसं बोलतात ते मला शिकवायला नको होतं. तरी त्याचा राग आला नाही.

खाली येऊन स्कूटरवर बसलो तर सीट तव्यासारखी तापलेली. तसाच बसून राहिलो. घरी जाऊन काय बोलायचं, त्याची वाक्यं जुळवायला लागलो. अजून नक्की काही नाही, असं सांगावं. रिपोर्ट परत करायचाय, असं सांगावं. मोठ्या डॉक्टरांना दाखवून मग कळेल. एकेक वाक्य काय गुळगुळीत होतं, इतक्या वर्षांचा सराव. पार्क चौकात सिग्नलला उभा असतानासुद्धा नवं एक सुचलं, आणि तेही चांगलं होतं. घर जवळ आलं तशी गाडी मुद्दाम हळू चालवली.

दार तिनं लोटूनच ठेवलं होतं. आत अंधारात कूलर चालू, ती फरशीवर बसलेली, समोर तांब्याला टेकवलेला फोन. तीन पिल्लं आता पायांवर उभी राहायला धडपडत होती. तिनं माझ्याकडं वळून बघितलं नाही.

"कॅमेरा चालू हाय न्हवं?" म्हणाली.

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं तोंडाशी आली होती. मी गिळली.

"चालू आहे," मी म्हणालो. "गाठ वाईट निघाली. ऑपरेशन करायचंय."

 तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मग फरशीवर थोडी सरकली, शेजारी जागा केली.

"बसा हितं," म्हणाली. "आता मला एकटं ठेवू नका."

मी डोक्याचा पंचासुद्धा सोडला नव्हता. तसाच तिच्याजवळ बसलो.