खोलगट सीट

आज सकाळी सून चपलेला सोल्यूशन लावत होती. त्या वासासरशी मी उठून आत आले.

वीसेक वर्षांपूर्वी कतारगामात आमचं सीट कव्हरचं दुकान होतं. हे फोम कापायचे, मी शिवायचे. एका गुजराती शेठची जुनी विलायती स्पोर्ट्स कार आली. दोनच सीटा, कडांना उंच, मधे खोल. चामडं फाटलेलं. हे म्हणाले, "हाई सीट बशी गई शे. भरी टाकू." रिक्षांच्या बसलेल्या सीटा आम्ही रोजच भरायचो. यांनी असंच सोल्यूशन लावून फोमचे दोन थर चिकटवले, वर मी नवं चामडं ताणून शिवलं. सीट कशी टुमटुमीत झाली!

शेठ येऊन बसले. डोकं टपाला टेकलं. ते दोन्ही हातांनी कडा चाचपत राहिले.

"रेसवाळी सीट हती, बेन. पप्पाए खास मंगावेली."

वळणावर माणूस सरकू नये म्हणून ती खोलगटच बनवतात, हे आम्हाला कुठलं ठाऊक! आम्ही घाईघाईने फोम उपटला, तर त्याला चिकटून खालची जुनी गादीही तुटून आली. शेठ तो तुकडा हातात धरून उभे राहिले. मला तेव्हा भीती होती ती फक्त बोलणी खायची.

आता हे नाहीत. सून म्हणते, "पप्पांच्या बाजूने पलंगाची गादी बसलीय, भरून घेऊ." दुपारी गादीवाला येणार आहे. मी सकाळपासून पलंगावर, त्या खळग्याच्या अलीकडे बसून आहे.