घुबडाच्या बियरचं लेबल

वडीगोद्रीत माझं फ्लेक्सचं दुकान होतं, तेव्हा गावातले वाढदिवस आणि श्रद्धांजल्या दोन्ही माझ्याच हातून जायचे. आता दुकान बंद आहे. घरी संगणकावर बसून मी परदेशातल्या बियर-दारूची लेबलं तयार करतो. तिकडे प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. कुठे गरोदर बाईच्या चित्रावर फुली हवी, कुठे तब्येतीचा इशारा हवा, आणि त्याची अक्षरं ठरलेल्या उंचीपेक्षा लहान चालत नाहीत. चित्रकार देखणं चित्र काढतो, मी त्यावर कायदा डकवतो. आईला मात्र औषधांची लेबलं म्हणून सांगितलं होतं.

खोटं बोलायला कारण होतं. माझा मोठा भाऊ दारूनं गेला. पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले आणि छत्तिसाव्या वर्षी सगळं आटोपलं. दहाव्याला शहागडला, गोदावरीच्या काठी, पिंडाला कावळा शिवेना. आईनं हात जोडले, मी जोडले, भावकीनं जोडले. ऊन चढत गेलं. शेवटी एका चुलत्यानं मला बाजूला घेतलं.

"त्याची चीज आण जल्दी. जीव तिच्यातच अडकलाय त्याचा."

मी मोटारसायकल काढली, हायवेवरून बियर आणली आणि पिंडाजवळ ठेवली. कावळा लगेच उतरला. सगळे सुटल्यासारखे उठले. आई तेवढी बसून राहिली.

"माझ्यासाठी न्हाई आला," ती म्हणाली. "तिच्यासाठी आला."

त्यानंतर आमच्या घरात दारूचा शब्द कुणी काढला नाही. मला दादाची भीती कधी वाटली नाही, पण त्या कावळ्याची अजून वाटते. अंगणात बसला तरी मी आत येतो.

संभाजीनगरला शिकायला असताना दादा एका परदेशी रॉक बँडच्या नादी लागला होता. त्यांच्या निशाणीचा, एका डोळ्याच्या घुबडाचा, काळा टी-शर्ट तो अंगातून काढायचाच नाही. आई चिडायची. असलं अशुभ छातीवर घेऊन फिरायला तुला लाज कशी वाटत नाही, म्हणायची.

यंदा त्याच बँडनं स्वतःच्या नावाची बियर काढली आणि तिचं लेबल फिरत फिरत माझ्याकडे आलं. फाइल उघडली आणि पडदाभर ते घुबड. दादा मागे उभा राहून बघतोय असं इतकं खरं वाटलं, की मी खुर्ची सरकवून त्याला जागा करून दिली.

पण मागे आई होती, चहा घेऊन.

"हे त्याच्या बनियनवरचं घुबड. औषधावर कसं काय आलं?"

मला खोटं सुचलं नाही. सगळं सांगून टाकलं. ती पलंगावर बसली.

"म्हंजे तू बी दारूच विकून राह्यला?"

"विकत न्हाई गं. तिच्यावर लिहितो."

"काय लिहितो?"

"पिऊन लिव्हर खराब होतं म्हणून. तिकडचा कायदाच हाय."

चहावर साय धरली.

"मंग मोठं लिही," ती म्हणाली. "बिलकुल मोठं."

अक्षरं किती लहान नकोत एवढंच कायदा सांगतो. मोठी किती, याला बंधन नाही. मी इशारा वाढवत नेला, पार घुबडाच्या पंखांवर चढवला आणि पाठवून दिला. या कामात इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सभ्य भाषेत उत्तर आलं: पक्षी झाकला जातोय, कायद्याला पुरेल तेवढंच ठेवा. मला भांडता आलं असतं, काम सोडता आलं असतं. मी दोन्ही केलं नाही. निमूटपणे इशारा तिळाएवढा केला. याची मला लाज वाटते.

दुपारी आई आली.

"ठेवलं का मोठं?"

"ठेवलं."

तिला इंग्रजी येत नाही. चष्मा लावून ती पडद्याजवळ वाकली. घुबडावर त्या बँडचं नाव होतं, लेबलभर, लालभडक. त्या अक्षरांवरून तिनं सावकाश बोट फिरवलं.

"हेच ना?"

"हो."

"बराबर," ती म्हणाली. "आता कुणाच्या तरी लेकराला दिसंल."