भत्ता बंद, सभा विहिरीवर

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास आमच्याकडे दुष्काळ होता. अहमदपूरजवळच्या आमच्या गावात मी ग्रामपंचायतीची सदस्य होते, बौद्ध वस्तीतून निवडून गेलेली. वस्तीची विहीर आटली होती. तिचा गाळ काढून ती खोल करायला पैसे हवे होते. सरपंचांना मात्र नव्या कलेक्टरसाहेबांच्या स्वागताला वेशीत कमान हवी होती. अंदाजपत्रक अडलं ते तिथंच.

दर सभेला आधी सही, मग चहा, मग भांडण, मग सभा तहकूब. भत्ता मात्र प्रत्येकाच्या खिशात! माझं डोकं फिरलं. मी उभीच राहिले.

"अंदाजपत्रक मंजूर होईस्तोवर कुणीबी भत्ता घ्यायचा न्हाई."

सरपंच हसले. "हाव, मंजूर!"

ते हसले तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांच्या घरी कणग्या भरलेल्या. सभेच्या दिवशी माझा मजुरीचा रोज बुडायचा, आता भत्ताही गेला. सासूबाई कडाडल्या, "लई शहाणी! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास." खरं होतं. पण माघार घेईन तर मी कसली!

पुढच्या सभेत म्हटलं, "चहा बंद करा आन् सभा आमच्या विहिरीवर घ्या. पैसा कुठं घालायचा ते जागेवर बघा." भत्त्यावाचून कावलेले बाकीचे सदस्य म्हणाले, कुठंही घ्या, पण एकदाचं मिटवा.

भर उन्हात सगळे कठड्यावर बसले. कमान की विहीर, पुन्हा तेच. ओरडून ओरडून सरपंचांच्या घशाला कोरड पडली.

"बाई, जरा पाणी मिळंल का?"

आमच्या वस्तीत त्यांनी कधी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. सासूबाईंनी सकाळी लांबच्या मळ्यातून आणलेल्या घागरीत तांब्याभरच उरलं होतं. तरी मी ते सगळं दिलं. ते घटाघटा प्यायले.

"आणखी हाय का?"

"न्हाई, दादा. घरात एवढंच होतं." मी घागर आणून उपडी करून दाखवली.

त्यांनी घागरीकडे पाहिलं, मग वाकून विहिरीत.

"कमान राहू द्या," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "विहीर लिवा."

सह्या होऊ लागल्या. सासूबाई तोवर तीच घागर उचलून पुन्हा मळ्याच्या वाटेला लागल्या होत्या.