शिडीवाल्याचा आवाज

इथे अकोल्यात सरकीचा वास आला, की चांदूर रेल्वे गावातलं आमचं घर आठवतं. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून येताना बाबांच्या कपड्यांना हाच वास असायचा. टीव्हीवर जुना मूक विनोदपट लागला, की त्यातल्या धडपडणाऱ्या शिडीवाल्यावर ते वऱ्हाडीत ओरडायचे, "अबे, पाहून चाल न! कावून पडून राहिला?"

कापूस बुडाला त्या वर्षी जिनिंग बंद पडलं, आणि हिवाळ्यात बाबा वारले.

नंतर एका दुपारी तोच चित्रपट लागला. शिडीवाल्यावर ओरडायला बाबा नव्हते. इंग्रजी शाळेतल्या मला ती बोली जमत नव्हती. मी टीव्ही बंद करायला उठले.

"राहू दे वं," आई म्हणाली. मग हळूच, "अबे, पाहून चाल न..."

पण शिडीवाला तोवर पडला होता. तेव्हा मला हसू आलं होतं. आता आईला झालेला तो उशीरच तेवढा आठवतो.