डब्यातल्या आलूचं मीठ

लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि स्वतःला भंडारा जिल्ह्यातली सर्वांत मोठी सुगरण समजत होते. भाज्या येत होत्या दोन, तोरा पन्नास भाज्यांचा. आईचं शिकवणं मात्र पक्कं डोक्यात होतं: आलूला मीठ शिजतानाच घालायचं, म्हणजे आतपर्यंत जातं. लाल भाजी, म्हणजे लाल माठ, शिजून एवढीशी होते, तिला शेवटी आणि हात आखडून.

कारखाना अजून उभा होत होता. एक भट्टी पेटलेली, बाकी सगळीकडे खड्डे, लोखंड आणि लाल धूळ. आमचे हे त्या भट्टीवर. घरी जेवायला बसले की भाजी तोंडात घालायच्या आधीच मीठ मागायचे. चाखायच्या आधी! एकदा सोबतचे दोघे जेवायला आले, तर त्यांच्यादेखत तेच.

"मीठ आण वो."

तिघांनी माझ्या आलूवर चिमटी चिमटी मीठ भुरभुरलं. महाराणीचा अपमान झाला.

दुसऱ्या सकाळी आलूच्या फोडी उकळत्या पाण्यात टाकल्या आणि वरून मूठभर खड्याचं मीठ. फोडणीत नेहमीचं होतंच. म्हटलं, घ्या आता. मागा मीठ.

डबा गेला. तासभर मी गालात हसत भांडी घासली. मग नळावर शेजारीण भेटली. तिचा नवराही भट्टीवरच.

"आमच्या घरच्यांले काल चक्कर आली ना बाई," ती म्हणाली. "डबा घरीच राहिला होता. उपाशी माणूस त्या आगीपुढे उभा नाही राहू शकत."

माझी घागर भरून वाहत होती, तरी मी नळाखालून काढेना.

घरी आले. अंगण झाडलं. पुन्हा झाडलं. दारात गेले, आत आले, पुन्हा दारात. कारखान्याकडे धूर दिसत होता, रोजच्यासारखाच, पण मला त्यात काहीतरी वेगळं दिसू लागलं. शेवटी लाल भाजी केली, भाकरी थापली, फडक्यात बांधली आणि निघाले पायी, भर उन्हात. गेटवरच्या पहारेकऱ्याने आत सोडलं नाही.

"छुट्टी में आएगा तेरा आदमी. उधर छाँव में बैठ."

बसवेल कसं? त्या झाडाला मी इतक्या चकरा मारल्या की पहारेकरीच दमला असेल.

भोंगा झाला. माणसांचा लोंढा सुटला, सगळ्यांची तोंडं सारखीच काळी. माझा नवरा कोणता हेही कळेना. तेवढ्यात हेच समोर येऊन उभे राहिले.

"काय वो, तू इथं कावून?"

"डबा... जेवले का तुमी?"

त्यांनी डबा उघडून दाखवला. पुसल्यासारखा लख्ख.

"आज भाजी बराबर झाली. सोबतचे दोघं तुटून पडले, मले अर्धीच भेटली."

जीव भांड्यात पडायला हवा होता ना? पण मला रागच आला! एवढी मोठी खोडी काढली आणि ती यांना चवदार लागली!

रागारागाने मी मागे मागे चालू लागले. समोर त्यांची पाठ. सदऱ्यावर पांढरे ओघळ सुकलेले. ते मी रोज चुना समजून घासायची आणि बांधकामाला शिव्या द्यायची. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

मीठ.

"काय करून राहिली?" त्यांनी वळून विचारलं.

"काई नाई. चला."

रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी माझी दुसरी शिदोरी सोडली. लाल भाजीचा घास घेतला आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं.

"हे अळणी आहे वो."

पहिल्यांदाच मी भांडले नाही. उठले आणि फडकं गुंडाळू लागले. मीठ घरी होतं, आणि घर अजून दीड मैल.