पाटावर बसायचा सराव

गुडघेदुखीवरचं जे औषध दुबईशेजारच्या अजमानच्या दुकानांत मिळत नसे, तेही आमच्या खोलीच्या खिडकीत मिळे. हा सगळा साठा फोरमनकाकांचा. काका चिपळूणकडचे, सव्वीस वर्षं इथल्या बांधकामांच्या साइटवर शटरिंगची कामं करून घेणारे आणि माझे खोलीतले सोबती. डॉक्टर त्यांच्या दुखण्याला सांध्याची झीज म्हणत. काकांच्या मते मात्र दोन्ही गुडघ्यांचे स्वभावच निराळे. उजवा समजूतदार, त्याला थंड जेल. डावा तापट, त्याला झोंबणारं मलम. एकदा मलमाचा हात डोळ्यांना लागला आणि ते तासभर घळाघळा रडत बसले, तेव्हा शेजारच्या खोलीतले लोक, गावी कुणी गेलं की काय, म्हणून भेटून गेले.

गोळीवर त्यांचा विश्वास नव्हता. "पोटात गेलेल्या गोळीला गुडघा कुठे ते कोण दाखवणार? जेल कसं, आपण स्वतः नेऊन सोडतो." खालच्या मेडिकलमधला मल्याळी माणूस विनवी, "अंकल, एक टाइम में एक ही लगाने का." काका इथल्या अरबीत "खलास", म्हणजे झालं, म्हणत आणि वर येऊन दोन्ही लावत.

जेल सुकेपर्यंत ते लुंगी वर खोचून खिडकीशी बसत. संध्याकाळचं ऊन समुद्रावरून आत येई, एसी घरघरत राही आणि काकांचे डोळे अर्धे मिटत. मग ते खोलीत नसत, मांडवात असत. डिसेंबरात मुलीचं लग्न होतं आणि कन्यादानाला पाटावर मांडी घालूनच बसायचं, हा त्यांचा हट्ट होता. मुलगी फोनवर सांगे, "बाबा, खुर्ची ठेवते ना." फोन ठेवला की काका मला म्हणत, "तिच्या जन्माला मी नव्हतो, बारशाला नव्हतो, दहावीच्या निकालाला नव्हतो. आता अर्धा तास तिच्यासमोर बसायचंय, ते काय खुर्चीत?"

साइटवरच्या प्लायवूडचा पाट करून त्यांनी सराव सुरू केला. डॉक्टरांनी मांडी नको म्हटलं होतं, ते ऐकलं नाही. पण या सरावापायी त्यांनी दिलेली जेवणानंतरची गोळी मुकाट घेऊ लागले. सुरुवातीला मिनिटभर, मग पाच मिनिटं, नोव्हेंबरात सबंध अर्धा तास. झालं की हात पुढे करत, "यल्ला, चल," आणि मी त्यांना ओढून उभं करी. चिपळूणला मी नसणार, हे इतक्या दिवसांत दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

लग्न उरकून ते परत आले, त्या संध्याकाळी मी विचारलं, "जमलं का काका?"

"बसलो. पूर्ण वेळ बसलो. उठताना सवयीने हात पुढे केला, तर तू कुठला? भटजी थांबले, सगळे बघताहेत. मग पोरगीच उठली. पिवळी साडी सावरत आली आणि माझे दोन्ही हात धरले."

"फार दुखलं?"

काकांनी लुंगी वर खोचून डाव्या गुडघ्याला मलम लावायला घेतलं. "नाही रे. तिने ओढलं तसं उठता आलं असतं. मीच अंग जड केलं. एवढा वेळ तिने माझा हात कधी धरलाच नव्हता."